शेतकऱ्यांचा पक्ष आणि शेतकऱ्यांची मते

महाराष्ट्रात ज्याचे नावच 'शेतकरी' या शब्दाने सुरू होते असा जुना आणि नावाजलेला पक्ष एकच, तो म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. आपल्याकडे तो 'शेकाप' या तीन अक्षरांनीच ओळखला जातो. १९५७ साली या पक्षाचे ३१ आमदार त्या वेळच्या मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून आले होते. २०१९ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी शेकापला एक जागा मिळाली आणि २०२४ सालीही एकच. मधल्या काळात शेतकरी काही नाहीसा झालेला नाही. त्याचे कर्ज फिटलेले नाही, उसाच्या दराचे भांडण मिटलेले नाही, पाण्याची वाटणी झालेली नाही. मग शेतकऱ्यांचा म्हणवणारा पक्ष शेतकऱ्यांच्याच मतांवर निवडून का येत नाही?

हा प्रश्न मलकापूरला परका नाही. आपले गाव ज्या कराड दक्षिण मतदारसंघात मोडते, त्या मतदारसंघाने १९५२ आणि १९५७ या पहिल्या दोन्ही निवडणुकांत शेकापचे यशवंतराव मोहिते यांना निवडून दिले होते. १९६२ साली तेच यशवंतराव निवडून आले, पण काँग्रेसचे उमेदवार म्हणून. त्यानंतर आजतागायत येथून शेकापचा आमदार झालेला नाही. माणूस तोच, मतदार तेच, गावे तीच. बदलला तो फक्त पक्ष. शेकापच्या पराभवाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने माझ्या मते या एका घटनेपासून सुरुवात करावी.

पराभवाची तयार उत्तरे आपल्याला कट्ट्यावर रोज ऐकायला मिळतात. कोणी म्हणतो, पैसा. कोणी म्हणतो, जात. कोणी म्हणतो, आपला शेतकरी अडाणी आहे, त्याला स्वतःचे हित कळत नाही. यांतले शेवटचे उत्तर तर मला अजिबात मान्य नाही. ज्या शेतकऱ्याने १९५७ साली काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात पाणी पाजले तो १९६२ साली एकाएकी अडाणी झाला, असे म्हणणे हास्यास्पद आहे. पैशाचे म्हणाल, तर पैशाने थोडक्यातली निवडणूक इकडची तिकडे होते हे खरे. परंतु ३१ आमदारांचा पक्ष १५ वर्षांत ७ वर येतो त्याचा उलगडा पैशाने होत नाही. १९७२ साली शेकापचे सातच आमदार उरले होते. बांगलादेशच्या युद्धानंतरची इंदिरा गांधींची लाट त्याला काही अंशी कारण होती, पण लाट ओसरल्यावरही पक्ष जुन्या जागी परतला नाही. जातीच्या उत्तरात तथ्य आहे. मात्र ते लोक ज्या रीतीने सांगतात त्या रीतीने नव्हे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

प्रथम पक्षाचा जन्म पाहू, कारण पुढच्या अनेक अडचणी जन्मातच होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काँग्रेसमध्येच राहून हा गट उभा केला आणि १९४८ साली ते काँग्रेसबाहेर पडले. सत्यशोधक चळवळीतून आलेला बहुजन समाजातील तरुण त्यांच्या मागे होता. शेटजी-भटजींच्या हातून काँग्रेस आपल्या हाती आली, स्वराज्यही आले, आता ते कुणब्याच्या दारापर्यंत न्यायचे, अशी ती भूमिका. सातारा जिल्ह्यात याला आणखी धार होती. येथे १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार झाले होते. आपल्याच कराड तालुक्यातील शेणोलीजवळ १९४३ साली सरकारी पगाराची रेल्वे लुटली गेली, गावोगाव न्यायदान मंडळे चालली. त्या लढ्यातले क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे शेकापच्या बाजूला आले. यशवंतराव चव्हाण, किसन वीर ही मंडळी काँग्रेसमध्ये राहिली. म्हणजे एकाच ताटात जेवलेली माणसे दोन पंगतींत बसली. येथील मतदाराला दोन्ही बाजूंना आपलीच माणसे दिसत होती, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. शेकापला शत्रू मिळाला तो परका नव्हता. तो शेजारच्या गावचा, सोयरीक होऊ शकेल असा होता.

१९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने आपला प्रबंध स्वीकारला आणि स्वतःला मार्क्स-लेनिनच्या मार्गावरचा पक्ष म्हणून घोषित केले. वैचारिक दृष्ट्या ते मोठेच पाऊल होते. परंतु विचाराच्या शुद्धतेवरून लगेच भांडणे सुरू झाली. नाना पाटील आणि दत्ता देशमुख वेगळे होऊन त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना डावा शेतकरी असा दोन ठिकाणी वाटला गेला. आपल्या निवडणूक पद्धतीत एका मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. बाकीच्यांची मते, ती पंचवीस हजार असली तरी, मातीमोल. अशा पद्धतीत काँग्रेसविरोधी मत दोन डाव्या उमेदवारांत विभागले की निकाल मतदानापूर्वीच लागतो. त्या निवडणुकीत ३१५ जागांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेसला २६९ आणि शेकापला १४ जागा मिळाल्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तेथील विधानसभेत आणखी १० आल्या. दोन वर्षांनी, १९५४ साली, खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परत गेले. ज्यांनी घर बांधले तेच घर सोडून गेले, आणि तेही वास्तुशांतीनंतर सहा-सात वर्षांत.

तरीही पक्ष संपला नाही, उलट वाढला. कारण संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न आला. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा या एका मागणीवर शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे सारे समितीत एकत्र आले. १९५७ साली शेकापला ३१ जागा मिळाल्या त्या या एकीमुळे. साताऱ्यातून नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर गेले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वतःच्या कराडमध्ये शेकापचे केशवराव पवार यांच्याविरुद्ध थोडक्या मतांनी वाचले. मुख्यमंत्र्याला घरच्या अंगणात घाम फुटावा, असा तो काळ होता.

पण ही मते कशाची होती? समाजवादाची, जमीन वाटपाची, की मुंबईची? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, मागणी पूर्ण झाली, आणि १९६२ साली शेकाप ३१ वरून १५ वर आला. हे दोन आकडे एकमेकांशी तंतोतंत तुलना करण्यासारखे नाहीत, कारण मधल्या काळात गुजरात वेगळा होऊन विधानसभाच बदलली; तथापि शेकापची ताकद सगळी मराठी मुलखातच होती, तेव्हा घसरण खरीच आहे. भाषेच्या प्रश्नावर मिळालेले मत वर्गाच्या प्रश्नावर टिकले नाही. ते कसे टिकवायचे याचा विचार पक्षाने केला होता असे त्या पाच वर्षांच्या कामावरून दिसत नाही.

या पाच वर्षांत दुसऱ्या बाजूला मात्र बांधाबांध चालली होती, आणि मला वाटते खरे उत्तर तेथे आहे. त्यासाठी आपण थोडे उसाच्या फडात शिरू.

ऊस हे राजकारणाच्या दृष्टीने फार विलक्षण पीक आहे. ज्वारी शेतकरी घरात ठेवू शकतो; भाव नसेल तर पूर्वी पेवात टाकत. भुईमूग आठवड्याच्या बाजारात थोडा थोडा विकता येतो. ऊस तसा नाही. आडसाली लागण असेल तर तो सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्यात वर्ष-दीड वर्षाचे खत-पाणी गुंतलेले असते, आणि एकदा तोडला की तो ताबडतोब गाळला गेला पाहिजे. तोड लांबली तर तुरा येतो, वजन घटते, रान पुढच्या पिकाला मोकळे होत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'दर किती?' हा नसतोच. तो असतो 'तोड कधी?' हा.

आणि तोड कधी, हे ठरते कारखान्यात. उसाची नोंद गट ऑफिसात होते, तोडीचा प्रोग्राम शेती ऑफिसात लागतो, चिटबॉय गावात येऊन कोणाच्या फडात टोळी घालायची ते सांगतो. झोनबंदी होती तेव्हा तर ऊस दुसरीकडे नेण्याचीही सोय नव्हती. पुढे ऊसबिल जमा होते ते बँकेत, त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज आधीच कापून घेतलेले असते. ती सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेला बांधलेली. बँकेचे संचालक आणि कारखान्याचे संचालक एकाच पॅनेलचे, नाहीतर एकमेकांचे सोयरे. कारखान्यात पोराला नोकरी, कारखान्याच्या शिक्षणसंस्थेत प्रवेश, सभासदाला सवलतीच्या दराने साखर, पाणीपुरवठा संस्थेचे पाणी. लागणीपासून लग्नापर्यंत एकाच जाळ्याचे धागे.

आता या जाळ्यातला चार एकरांचा सभासद विधानसभेला शेकापच्या सभेला जातो. भाषण ऐकून त्याला पटते. वक्ता खरे बोलतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तरीही मत देताना तो विचार करतो की, या माणसाला निवडून दिले तर तो विधानसभेत माझ्यासाठी भांडेल. पण माझ्या फडात टोळी कोण घालील? कोणी त्याला धमकी दिली पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा कोणी देतही नाही. अठरा महिने उभ्या असलेल्या पिकाला स्वतःचा आवाज असतो. याला अडाणीपणा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. हा हिशेब आहे, आणि तो चोख आहे.

रेठरे बुद्रुकला कृष्णा, कराडजवळ यशवंतनगरला सह्याद्री, सांगलीला वसंतदादा पाटलांचा, साखराळ्याला राजारामबापू पाटलांचा कारखाना, अशी कृष्णाकाठची माळ साधारण १९५५ ते १९७५ या काळात गुंफली गेली. प्रत्येक कारखाना म्हणजे साखर तयार करणारे यंत्र होतेच, शिवाय मते तयार करणारेही होते. त्याला निवडणुकीसाठी वेगळी संघटना उभारावी लागत नाही; गाड्या, माणसे, गावनिहाय याद्या, कोणाचे कोणाशी वैर आहे याची माहिती, सारे काही बारा महिने तयार असते. शेकापचा कार्यकर्ता निवडणुकीच्या महिन्यात सायकलवरून गावे पालथी घालायचा, त्याच्यासमोर हे.

शेकापने या काळात काय केले? मोर्चे काढले, आणि चांगले मोर्चे काढले. सारावाढ, लेव्ही, पाणीपट्टी, दुष्काळ यांवर शेकापइतका रस्त्यावर उतरलेला पक्ष ग्रामीण महाराष्ट्रात दुसरा नाही. वाळवा तालुक्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील यांचे सारे आयुष्य यात गेले. परंतु मोर्चाचा धर्म असा की, मागणी मान्य झाली की माणूस घरी जातो, आणि मागणी मान्य करणारा असतो मंत्री. श्रेयाची पावती त्याच्या नावाने फाटते. १९७० नंतरच्या दुष्काळात डाव्या पक्षांनी दुष्काळग्रस्तांचे मोर्चे काढून काम मागितले. त्याला रोजगार हमी योजनेचे रूप आले, १९७७ साली कायदा झाला, आणि ज्यांचे नाव या योजनेशी कायमचे जोडले गेले ते वि. स. पागे काँग्रेसचे. कुळकायद्याचेही तेच. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवसापासून कुळे जमिनीची मालक मानली गेली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा डाव्यांची, सातबाऱ्यावर नाव चढवले काँग्रेस सरकारने. आणि गंमत पाहा, ज्या शेतकऱ्याला जमीन मिळाली तो त्या दिवसापासून मालक झाला. मालकाला क्रांती नको असते, त्याला विहिरीला कर्ज हवे असते.

यशवंतराव चव्हाणांच्या नावाने 'बेरजेचे राजकारण' हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ आपण पुष्कळदा फक्त माणसे फोडणे असा घेतो. तो अपुरा आहे. काँग्रेसने शेकापची माणसे घेतली तशा मागण्याही घेतल्या. यशवंतराव मोहिते १९६० च्या सुमारास काँग्रेसमध्ये गेले ते काही विचार टाकून गेले नाहीत. मंत्री म्हणून त्यांचे नाव कापसाच्या एकाधिकार खरेदी योजनेशी जोडले गेले, आणि ती योजना शेकापच्या जाहीरनाम्यात शोभली असती. डावा विचार अमलात आणायचा तर डावा पक्ष सोडावा लागतो, असा धडा या भागातील हुशार तरुणांनी त्यातून घेतला. मागे राहिले ते अतिशय निष्ठावंत आणि अतिशय थोडे. निष्ठावंतांविषयी मला आदर आहे. पण ज्या पक्षात फक्त निष्ठावंतच उरतात त्याची मतदारयादी दर निवडणुकीला आखूड होत जाते.

आता जातीकडे आणि वर्गाकडे येतो. 'शेतकरी' हा शब्द ऐकायला एकसंध आहे. प्रत्यक्षात त्यात तीस एकरांचा बागायतदार येतो, दोन एकरांचा जिराईत कुणबी येतो, आणि त्यांच्याच रानात रोजाने राबणारा, बहुधा दलित किंवा इतर मागास जातीचा, मजूर येत नाही. शेकापच्या नावात 'कामगार' आहे, तो मुख्यतः गिरणीतला. गावातल्या शेतमजुरासाठी पक्षाच्या नावात शब्द नाही. उसाचा दर वाढला पाहिजे ही पक्षाची लाडकी मागणी. तिने मजुराच्या चुलीवर काही फरक पडतो का? मजुरी वाढवा म्हटले तर दुखावतो तो पक्षाचाच कार्यकर्ता, कारण तोच मालक असतो. दाभाडीच्या प्रबंधाने मार्क्सला साक्षीला ठेवले, पण पक्षाचा कणा मराठा मध्यम शेतकरी हाच राहिला. आणि त्याच मध्यम शेतकऱ्याला काँग्रेस कारखान्याच्या मार्गाने अधिक काही देऊ शकत होती. म्हणजे जो वर्ग शेकापने धरला तो काँग्रेसने ओढून नेला, आणि जो वर्ग मोकळा होता त्याच्याकडे शेकाप पुरेसा वळला नाही. १९५७ साली समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनबरोबर जी जोड झाली होती ती टिकली असती तर चित्र निराळे दिसले असते, असे मला राहून राहून वाटते.

यात आणखी एक गोष्ट कोणी सहसा बोलत नाही. ज्यांच्या कोयत्यावर ही सारी साखर उभी आहे ते ऊसतोड मजूर प्रामुख्याने बीडकडून येतात. सहा महिने ते आपल्या शिवारात पालात राहतात, पण त्यांचे मत राहते त्यांच्या गावी. कराड-वाळव्यात डाव्या पक्षाने त्यांच्यासाठी कितीही लढा दिला तरी पेटीत एक मत वाढत नाही, उलट बागायतदाराची दहा कमी होतात. देशातील सर्वांत पिळवटलेल्या मजुरांपैकी एक वर्ग ऐन उसाच्या पट्ट्यात असून तेथे तो मतदार नाही. डाव्या पक्षाला याहून वाईट भूगोल कोणता मिळणार?

बंगालकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. तेथे १९७७ साली डावी आघाडी सत्तेवर आली आणि तिने बटाईदारांची नोंद करून त्यांना कसण्याचा हक्क दिला. खेड्यातील गरीब आणि पंचायत दोन्ही तिच्या हाती आल्या, म्हणून ती २०११ पर्यंत सलग ३४ वर्षे टिकली. आपल्याकडे कुळांना हक्क देऊन काँग्रेसने ते श्रेय आधीच घेतले होते, आणि पंचायत राज्यही १९६२ पासून तिच्याच हाती गेले. अर्थात बंगालची गोष्ट तेथे थांबत नाही. २०२१ च्या निवडणुकीत त्याच बंगालच्या विधानसभेत डाव्यांची एकही जागा उरली नाही. संस्था हाती असली म्हणजे पक्ष अमर होतो असे नव्हे. पण ती मुळीच नसली तर त्याला पाय टेकायला जागा राहत नाही.

शेकाप जेथे टिकला त्या जागा पाहिल्या की हे अधिक स्पष्ट होते. एक रायगड जिल्हा. तेथे खोतांविरुद्धच्या लढ्याची परंपरा, आगरी-कुणबी समाजाचा आधार आणि जिल्हा बँक, पंचायती, शाळा या संस्थांवर पक्षाची पकड होती. दि. बा. पाटील यांनी नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांचा १९८४ चा लढा दिला तो याच बळावर. दुसरी जागा सोलापूर जिल्ह्यातील सांगोला. हा कोरडा तालुका, पाण्याचा प्रश्न कायमचा, कृष्णाकाठासारखी कारखान्यांची दाटी नाही. तेथून गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ असे दोनदाच ते हरले. दोनदा मंत्री झाले तरी एस. टी. ने फिरत राहिले. त्यांच्या साधेपणाचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. परंतु साधेपणाने अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, पाणी परिषदा भरल्या, गावोगाव पक्षाची माणसे सोसायटीत आणि पंचायतीत बसली. जे काँग्रेसने उसावर केले ते गणपतरावांनी सुतावर आणि पाण्यावर केले. वाळव्याला नागनाथअण्णांनी हुतात्मा कारखाना काढून डाव्या माणसालाही कारखाना चालवता येतो हे दाखवले होते, पण तो उभा राहिला अण्णांच्या नावाभोवती, पक्षाभोवती नव्हे.

सत्तेत वाटा मिळाला तेव्हा पक्षाला त्याचा उपयोग करता आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९७८ साली शेकापचे १३ आमदार होते आणि पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले. ज्या खात्याच्या जोरावर विरोधकांनी पक्षाला जेरीस आणले ते खातेच हाती आले! पण सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले. वरून दोन वर्षे खाते सांभाळून खालच्या सोसायट्या बदलत नसतात. पुढे कधी या आघाडीत, कधी त्या आघाडीत वाट्याला येतील तेवढ्या जागा लढवायच्या, अशी सवय लागली. ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर भांडलो त्याच्याच शेजारी व्यासपीठावर बसल्यावर मतदार म्हणतो, मग मूळ दुकानातूनच माल घेतलेला काय वाईट? १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २ अशी उतरंड लागली.

दरम्यान शेतकऱ्याच्या असंतोषालाही दुसरे पुढारी मिळाले. १९८० नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भावाचा प्रश्न असा काही मांडला की, शेकापची तीस वर्षांची भाषा एका रात्रीत जुनी वाटू लागली. पुढे राजू शेट्टी आले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला लोटणारी गर्दी आणि त्याच गावांचे मतदान यांचा मेळ घातला तर जुनीच गोष्ट नव्या नावाने दिसते. शेट्टी २००९ आणि २०१४ साली हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले, २०१९ आणि २०२४ साली हरले. दर मागायला संघटना, मत द्यायला दुसरा. इकडे श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्तांचे आणि समन्यायी पाणीवाटपाचे लढे दिले आणि ते पुष्कळ अंशी जिंकलेही. त्यांनी लढ्यावर भर ठेवला, विधानसभेच्या वाटेला ते गेले नाहीत. हाही एक निर्णय आहे, आणि शेकापचा अनुभव पाहता तो अविचारी म्हणता येणार नाही. मात्र कायदा करणाऱ्या सभागृहात आपला माणूस नसण्याची किंमत असते. कामगार कायदे बदलतात, जमीन संपादनाचे नियम बदलतात, तेव्हा त्यावर तासभर उभे राहून बोलणारा गणपतरावांसारखा सदस्य नसणे ही केवळ एका पक्षाची हानी नाही.

मलकापूरपुरते बोलायचे तर उसाचे जाळेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना जेथे फड होते तेथे प्लॉट पडले, इमारती उठल्या. २००८ साली ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. मीटर लावून चोवीस तास नळाला पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव झाले. स्वच्छ पाणी घरोघर, हा खरे तर कोणत्याही डाव्या पक्षाच्या जाहीरनाम्यातला विषय. तो येथे करून दाखवला तो स्थानिक सत्ताधाऱ्यांनी, म्हणजे पुन्हा तीच जुनी कथा. दवाखाने, महाविद्यालये, वसतिगृहे, हॉटेले यांत काम करणारा नवा माणूस गावात आला आहे. कोणी कंत्राटावर आहे, कोणी रोजंदारीवर. वसतिगृहात पोळ्या लाटणाऱ्या बायका, पहारेकरी, रिक्षावाले, गॅरेजमधली पोरे: यांना तोडीची चिठ्ठी लागत नाही, सोसायटीचे कर्ज लागत नाही. कारखान्याच्या पॅनेलला ते भीत नाहीत. शेकापच्या नावातला 'कामगार' शोधायचा तर तो आज येथे आहे. त्यांच्यापाशी अजून कोणताच डावा पक्ष सदस्यत्वाची पावती घेऊन गेलेला माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या गल्लीत गणेश मंडळ पोचले आहे, बचत गट पोचला आहे, पतसंस्था पोचली आहे, आणि त्यांच्यामागून सगळे इतर पक्ष पोचले आहेत.

२०१९ साली सांगोल्यात वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२१ च्या जुलैत गणपतराव गेले. २०२४ च्या जुलैत विधान परिषदेच्या निवडणुकीत पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील पराभूत झाले. आघाडीतील मोठ्या पक्षांची मते त्यांना पुरली नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. सांगोल्यात दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोर असताना गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापतर्फे निवडून आले. रायगडमध्ये अलिबाग, पेण, पनवेल, उरण या चारही जुन्या बालेकिल्ल्यांत पक्ष हरला.